न झालेल्या राजधानीतलं शेत

यंदा पुन्हा धूर आला. सकाळी खिडकी उघडली आणि आधी नाकाला कळलं, डोळ्यांना मागून. समोरचे उंच ब्लॉक पुसट झालेले. खालून जाणारी इवलीशी एलआरटी रेल्वे दिवे लावून धुरातून येत होती आणि धुरातच जात होती. इथले लोक याला हेझ म्हणतात. समुद्रापलीकडं दुसऱ्या मुलखात रानं पेटतात आणि वारा तो धूर या बेटावर आणून टाकतो. पेटवणारा एकीकडं, खोकणारा दुसरीकडं.

माझी अडचण निराळी आहे. हा वास मला ओळखीचा आहे. चैत्रात आम्ही रानातली धसकटं वेचून ढीग करायचो आणि सांजच्याला पेटवायचो, तेव्हा अंगाला, धोतराला, भाकरीलासुद्धा हाच वास लागायचा. तो वास आला की आता नांगरट, मग पेरणी, असं अंगच सांगायचं. इथं तो भाद्रपदात येतो, सिंगापूरच्या सेंगकांगला, बाराव्या मजल्यावर. पाय उगाच शिवशिवतात. शेत नाही, बैल नाही, खाली बघावं तर झाडाचीसुद्धा पानं झाडणारा माणूस कंपनीचा. सूनबाई येऊन खिडकी लावून घेते. "अण्णा, आज आकडा वाईट आहे," म्हणते आणि मोबाईल दाखवते. धुराचासुद्धा आकडा असतो इथं. मी म्हणतो, माझ्या छातीला कळतं, आकडा कशाला. पण खिडकी तिचीच लागते.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं ते स्वतःच्या हातानं लिहितो, दुसऱ्याला सांगून लिहवून घेत नाही. धूर आला म्हणून हे लिहायला बसलो, कारण असाच धूर चार वर्षांमागं आला होता. तेव्हा मी या घरात पहिल्यांदा आलो होतो आणि माझा मुलगा दत्ता एका राजधानीच्या कामात बुडाला होता. आता धूर तोच आहे. राजधानी नाही. आणि दत्ता बोलत नाही.

राजधानी म्हणजे आंध्रची. एका राज्याची दोन झाली, हैदराबाद तिकडच्यांकडं गेलं आणि इकडच्यांना नवं गाव वसवायचं ठरलं, कृष्णेच्या काठी. नाव अमरावती. गावाकडं मी फोनवर सांगितलं की दत्ता अमरावती बांधतोय, तर गावात दोन दिवस हीच चर्चा, की विदर्भातली अमरावती पडली का काय, आणि पाडली कुणी. मग माझ्या भाच्यानं सगळ्यांना समजावलं. तरी एक म्हातारा म्हणालाच, "असली अमरावती आधी आहे, हे त्या पोराला कुणी सांगितलं का?"

नकाशा सिंगापूरला काढायचा होता. ज्या कचेरीत दत्ता नोकरीला, तिच्याकडं त्यातलं थोडं काम आलं होतं. त्या पावसाळ्यात, पावसाळा कसला, त्या धूरकाळात, घरभर कागद असायचे. जेवायच्या टेबलावर नदी, सोफ्यावर रस्ते. नात जुई तेव्हा आठ वर्षांची. शाळेला धुरामुळं सुटी मिळाली त्या दिवशी ती त्या कागदांवर पालथी पडून रंग ओळखत बसली होती. हिरवा म्हणजे बाग, निळा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे घरं. मी विचारलं, शेत कुठल्या रंगाचं? तिनं सगळा कागद शोधला आणि बापाकडं बघितलं. दत्ता म्हणाला, "शेतं या कागदाच्या खाली आहेत, अण्णा. दुसऱ्या कागदावर."

मला ते झोंबलं. का झोंबलं ते सांगतो.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. नांदेड जिल्ह्याच्या कडेला, जिथं बाजारात निम्मी माणसं मराठी बोलतात आणि निम्मी तेलुगू, तिथलं. मी तेव्हा ऐन तिशीत होतो. उंचावरच्या माळावर नवं गाव आखून दिलं सरकारनं. बाजेवर नकाशा पसरून साहेब बसले, कुणाचा कुठला प्लॉट ते ठरवायला मडक्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि पाटलाच्या नातीला काढायला लावल्या. शिंप्याच्या शेजारी कोण, तर गावाच्या दुसऱ्या टोकाचा कुंभार. सासू एका गल्लीत आणि तिची भावजय तिसऱ्या. साहेब खूष, कारण सगळं बिनतक्रार झालं. आम्ही गप्प बसलो ते शहाणपणानं. साहेबांची जीप टेकडीआड गेली आणि रात्रभर बायका बसल्या. कुणाला कुणाचा शेजार पाहिजे, कुणाच्या दारातून कुणाच्या दारात विस्तव न्यायचा, पहाटे कुणाच्या जात्याचा आवाज कुणाला पाहिजे, याच्यावरून प्लॉटांची बदलाबदली झाली. दुसऱ्या दिवशी जो तो चिठ्ठीतल्या नव्हे तर बायकांनी ठरवलेल्या जागी खुंट्या मारायला लागला. कागदावर माझं घर आजही शिंप्याच्या नावावर आहे, शिंप्याचं कुंभाराच्या, आणि कुंभाराचं आणखी कुणाच्या. नवा तलाठी आला की पहिला महिना रागावतो, दुसऱ्या महिन्यात चहा पितो. पोस्टमन गावचाच आहे, त्याच्या डोक्यात दोन्ही गावं पाठ. नकाशा सरकारचा, गाव आमचं, असं आम्ही छाती काढून सांगतो.

तरी ते गाव मी कधी माझं म्हटलं नाही. उठवलेलं गाव, असंच माझ्या तोंडात बसलं. कुणी विचारलं, कुठले, तर मी पाण्याखालचंच नाव सांगायचो.

दत्ता त्या नव्या गावात जन्मलेलं पहिलं पोर. बारशाला सगळं गाव लोटलं होतं, कारण माळावर पहिल्यांदा बाळाचं रडू ऐकू आलं होतं. तोच पुढं शिकून नकाशेवाला झाला. मी त्याला थट्टेत म्हणायचो, अरे, आमच्यावर जे बेतलं तेच शिकलास होय.

त्या धुरात थट्टा थट्टेसारखी राहिली नाही. रोज संध्याकाळी तो दमून यायचा आणि मी टपून बसलेला. शेतकऱ्यांनी जमिनी राजीखुशीनं दिल्यात, असं तो सांगायचा. गावं जागच्या जागी ठेवलीत, फक्त शेतं घेतलीत, बदल्यात नव्या शहरातले प्लॉट मिळणार. मी म्हणायचो, काळी घेतलीस आणि पांढरी ठेवलीस, मग पांढरी उभी राहणार कशावर? गाव काय नुसत्या भिंतींवर जगतं?

"आणि प्लॉट कसे देणार?"

"सोडत काढून."

"मडकं?"

"कम्प्युटर, अण्णा."

"त्या कम्प्युटरला सांग, रात्रीची वेळ राखून ठेव. बायकांना बदलाबदली करायची असंल."

तो हसला. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं हे सगळ्यांना सांगितलं म्हणे, चिनी साहेबालासुद्धा, आणि तो साहेब हसला नाही, विचारात पडला. मला बरं वाटलं. पण मी ते दाखवलं नाही.

दसऱ्याला त्या शहराचा पाया घातला. आम्ही इथं बसून बघितलं. आपट्याची पानं इथं कुठली, जुईनं सोनेरी कागदाची कातरली होती. झेंडू लिटिल इंडियातून आणला होता, त्याला वास नव्हता, धुरानं नाक बसलं होतं म्हणून असेल. टीव्हीवर गावोगावची माती आणि गावोगावचं पाणी आणून पायाच्या खड्ड्यात घालत होते. माणसांचा समुद्र. दत्ताचे डोळे भरून आले होते. तेव्हा माझी जीभ वळवळली. मी म्हणालो, मूठभर माती उचलून आणली म्हणजे जमीन येत नाही मागं. आम्हाला उठवलं तेव्हा निदान नारळ फोडून कुणी आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या नव्हत्या.

दत्तानं टीव्ही बंद केला. तो ओरडणारा मुलगा नव्हे.

"अण्णा, तुम्ही जन्मभर मला बुडालेल्या गावाचं सांगत आलात. तिथली चिंच, तिथला पार. मी त्यातलं काही बघितलं नाही. मला माहीत आहे तो आपला सरळ रस्ता. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस दिसायचा, आणि कोण येतंय ते मी सगळ्यांच्या आधी ओळखायचो. मला ते फार आवडायचं. मी नकाशे काढतो ते त्या रस्त्यामुळं. तुमचं ते उठवलेलं गाव असेल. माझं ते गाव आहे."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. जुई सोनं वाटायचं विसरून माझ्याकडं बघत होती. मी चप्पल घातली. लिफ्टनं खाली गेलो.

आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा आहे, खांबांवर इमारत उभी आणि खाली नुसती फरशी, बाकडी, दगडी टेबल. तिथं एक चिनी म्हातारा बसायचा. सगळे त्याला अंकल म्हणतात, मीही म्हणायचो, वयानं तो माझ्याच बरोबरीचा असून. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. तोंडाला दोघांच्या मास्क. आम्ही शेजारी बसायचो आणि धुराकडं बघायचो, जसं गावाकडं दोन म्हातारे रस्त्याकडं बघतात. त्या दिवशी थोड्या वेळानं जुई मला शोधत खाली आली. अंकल तिच्याशी बोलायला लागला आणि हातानं समोरच्या एलआरटीच्या खांबाकडं दाखवायला लागला. जुई म्हणाली, "आजोबा, अंकल म्हणतात, लास्ट टाइम हिअर ऑल पिग फार्म लाह. म्हणजे आधी इथे सगळी डुकरांची फार्म्स होती. त्यांचं घर त्या पिलरच्या खाली होतं. डुकरं पण होती खूप. मग गव्हर्न्मेंटनी फ्लॅट दिला."

मी विचारायला लावलं, वाईट वाटतं का?

तिनं विचारलं. तो बराच वेळ बोलला. जुईनं एवढंच सांगितलं, "म्हणतात, पाऊस आला की अजून डुकरांचा वास येतो. बट फ्लॅट व्हेरी गुड, लिफ्ट आहे."

मी त्या खांबाकडं बघत बसलो. त्याचं घर कुठं होतं ते त्याला बोटानं दाखवता येत होतं आणि बदल्यात आलेलं घरही बोटानं दाखवता येत होतं, डोक्यावर. वाईट वाटतं का नाही, ते मी त्याच्या डुकरांच्या वासावर सोडलं. वर गेलो तर दत्ता कागदांवर वाकलेला. आम्ही दोघंही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. धूर गेला, मी गावाकडं गेलो. पुढं ही, दत्ताची आई, वारली आणि मी पुन्हा इथं आलो, तो इथलाच झालो.

मधल्या वर्षांत दत्ताच्या अमरावतीला फेऱ्या व्हायच्या. आला की पेरू आणायचा, लिंबं आणायचा. तिकडं सांबय्या नावाच्या शेतकऱ्याकडं तो जेवायचा. सांबय्यानं आपलं सगळं शेत शहराला दिलेलं, गावात सगळ्यांच्या आधी. केळी होती त्याची, नदीकाठची, काळ्या मातीतली. दत्ता त्याचं कौतुक करायचा. म्हणायचा, त्या माणसाला नकाशा एकदा दाखवला की कळतो. मी ऐकून घ्यायचो. हॉलमध्ये मांडलेल्या त्या नगरीचे रस्ते माझ्याही ओळखीचे व्हायला लागले होते. विधानसभा कुठं, बाग कुठं, हे मला जुईनं शिकवलं होतं. कुणी विचारलं असतं तर मी मान्य केलं नसतं, पण मनातल्या मनात मी त्या नदीकाठच्या रस्त्यानं चालायचो.

आणि यंदा सगळं थांबलं. तिकडं सरकार बदललं, काम बंद पडलं, राजधानी हलवायच्या चर्चा सुरू झाल्या. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते तिथले लोक बघून घेतील, मी त्यात पडत नाही. मला दिसलं ते एवढंच की एक दिवस दत्ता कचेरीतून वेळेवर घरी आला. मग रोजच वेळेवर यायला लागला. त्याला दुसरं काम दिलं होतं, एका मॉलच्या पार्किंगचं. गाड्या कुठून आत येतील आणि कुठून बाहेर पडतील. टेबलावर आता कागद नसतात. जेवायला बसतो, ताटात बोटं फिरवतो आणि उठतो. जुईची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर आहे. ती गणित विचारायला गेली तर म्हणतो, आईला विचार. आकड्यांचा माणूस तो.

सूनबाई पुण्याची. सहसा मला गळ घालत नाही, पण मागच्या आठवड्यात भाजी निवडताना म्हणाली, "अण्णा, तुम्ही बोला त्याच्याशी. माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलतो. मला भीती वाटते."

मग मी त्याच्या कचेरीपाशी गेलो, तोआ पायोहला. डबा द्यायचं निमित्त. हॉकर सेंटरमध्ये बसलो, त्यानं कॉफी घेतली, मी नुसतं पाणी. भोवती माणसं जेवत होती, वाट्यांचे, चमच्यांचे आवाज, आणि वर सगळ्या छताखाली धुराचा पडदा. मी काय बोलणार? आयुष्यात त्याची समजूत कधी काढलेली नाही. शेवटी तोच बोलला.

"अण्णा, तुमचं खरं झालं. म्हणा आता काय म्हणायचं ते."

मी म्हटलं, माझं कुठं खरं झालं? मी म्हणालो होतो, शहर होईल आणि त्यात माणसं हरवतील. शहरच झालं नाही. माझंही खोटंच ठरलं.

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. म्हणाला, "बांध मोडलेत, अण्णा. रस्त्यांसाठी सगळं सपाट केलं. विहिरी बुजवल्या. आता उद्या कुणी म्हणालं, घ्या तुमची शेतं, तर कुणाचं कुठं होतं ते कुणालाच ओळखता येणार नाही. सगळीकडं वेडी बाभूळ उगवलीय. माझ्याकडं जुन्या मोजणीवर बसवलेला कागद आहे, त्यावर एकेक शेत आहे. पण तो आता कुणाच्या कामाचा? मी त्यांना शहर देतो म्हणालो होतो. ना शहर दिलं, ना शेत ठेवलं. माझ्या भरवशावर सांबय्यानं सही केली."

शब्द संपले तसा तो कप घेऊन उठला. धरणाच्या साहेबालाही असं कधी वाटलं असेल का, हे माझ्या मनात तोवर आलं नव्हतं. तो मला तालेवार वाटायचा, जीपमधला. जीपमध्ये बसून त्याचं काय झालं असेल, कुणाला ठाऊक. घरी येताना गाडीत मी खिडकीतून बघत होतो. एवढे ब्लॉक, एवढी माणसं, एवढ्या गॅलऱ्यांत बांबूंवर वाळत घातलेले कपडे, सगळं कुणीतरी आधी कागदावर काढलेलं, आणि ते उभं राहिलं म्हणून त्या माणसाला आज कुणी शिव्या देत नाही. उभं राहिलं नसतं तर? गाव बुडवून धरण झालं नसतं तर आम्ही काय केलं असतं, हाही विचार आला. मला तो विचार आवडला नाही.

इथवर लिहून झालं होतं. परवाच्या शुक्रवारी, दत्ता घरूनच काम करत होता कारण आकडा फार चढला होता, त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि घेतला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, घे की, माणूस मेला का जिवंत ते तरी कळेल. त्यानं घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. तिकडून तेलुगू ऐकू येत होतं, जोरात, शेतात बोलायच्या आवाजात. दत्ताला तेलुगू येत नाही. तिकडं कायम दुभाषा असायचा, तो आता कुठल्या कुठं. दत्तानं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "सांबय्या आहेत. तुम्ही बोलता का?"

माझी तेलुगू बाजाराची. बैल, बी, पाऊस, लगीन, मरण, एवढ्यापुरती. पण एवढ्यात माणसाचं बरंच बोलणं भागतं. मी दोन वाक्यं बोललो तर सांबय्या मला अडवून म्हणाला, तुमची बोली हैदराबादकडची आहे, तुम्ही लोकांनी हैदराबाद ठेवून घेतलं, आता आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, मी मराठी माणूस, माझं काही ठेवलं नाही कुणी, आणि मी कुणाचं ठेवलं नाही. मी दत्ताचा बाप. मग तो हसला आणि मला बावगारू म्हणायला लागला. व्याही-मेहुण्यासारखं.

त्याचं काम साधं होतं. उद्या सर्वपित्री. त्यांच्यातही असते, मोठ्यांची अमावास्या म्हणतात. त्याच्या घरात पितरांचं पान शेताच्या बांधावर ठेवायची रीत. शहराला शेत दिल्यापासून तो पान घरातच ठेवत होता. मनाला सांगत होता, शहर झालं की आपल्या प्लॉटवर ठेवू. आता शहर येत नाही म्हणतात. तर उद्या पान शेतात ठेवावं म्हणून तो आज जागा बघायला गेला होता, आणि त्याला शेत सापडेना. सगळं सारखं. बाभूळ आणि मोठाले पाइप. जन्म काढला त्या मातीत, आणि सापडेना. दत्ताबाबूकडं कागद आहे, तो त्यावरून सांगेल का?

"पितरांना शेतातच जेवायची सवय आहे, बावगारू," तो म्हणाला. "घरी ते येतात का नाही, मला कळत नाही."

मी हे दत्ताला मराठीत सांगितलं. दत्ता उठला, आत गेला आणि कपाटाच्या वरून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. शहराची नव्हे, तिच्याखालची. बारीक बारीक चौकटी, वाकड्या, तिरक्या, एकीसारखी दुसरी नाही. ती वाकडी रेघ म्हणजे बांध, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेबलापाशी बसलो. तिकडं नुकतं उजाडलं होतं. सांबय्या फोन कानाला लावून चालत होता, त्याच्या पायाखाली काटक्या मोडल्याचं ऐकू येत होतं. दत्ता बोट ठेवून सांगायचा, मी ते तेलुगूत सांगायचो. गावच्या देवळाचं शिखर पाठीवर ठेवा. डावीकडं नदीचा बंधारा दिसतो का? दिसतो. तो तसाच डावीकडं राहू द्या. विजेचा मोठा मनोरा आला का? आला. तिथं थांबा. आता मनोऱ्याकडं पाठ करा, आणि जुनी चिंच होती तिकडं चाला. चिंच नाही, सांबय्या म्हणाला. मग दत्तानं दुसरी खूण शोधली, अर्धवट रस्त्याचं वळण. मी सांगितलं. आमच्या खिडकीबाहेर धूर इतका दाट होता की शेजारचा ब्लॉक दिसत नव्हता, आणि आम्ही समुद्रापलीकडच्या माणसाला वाट दाखवत होतो.

"थांबा," दत्ता म्हणाला.

मी म्हटलं, थांबा. पावलं थांबली.

"इथंच का, विचारतायत," मी दत्ताला सांगितलं.

दत्तानं कागदावर कपाळ जवळजवळ टेकवलं. चिंच नव्हती, बांध नव्हता, वळणसुद्धा मागून हललं असेल. मग म्हणाला, "साधारण इथंच. दोन्ही बाजूंना थोडं इकडंतिकडं होईल. तसं सांगा त्यांना."

माझे आजा-पणजा पाण्याखाली आहेत. सर्वपित्रीला मी धरणाच्या कडेला पान ठेवायचो, पाणी जिथवर आलं असेल तिथं, दरवर्षी निराळ्या जागी. खाली कुठंतरी असतील, अशा अंदाजानं. अंदाजानं पान ठेवून घरी परतताना पाय कसे जड होतात, ते मला ठाऊक आहे.

"इक्कडे," मी फोनमध्ये म्हणालो. इथंच. साधारण हा शब्द मला तेलुगूत येत होता. बाजारातला शब्द आहे, वजनकाट्यापाशी रोज लागतो. मी तो सांगितला नाही.

तिकडून खाली बसल्याचा आवाज आला, म्हाताऱ्या गुडघ्यांचा, आणि माती उकरल्याचा. कावळे ओरडत होते. सांबय्या काहीतरी पुटपुटत होता, नावं घेत होता, ती माझ्यासाठी नव्हती. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"साधारण सांगितलंत ना?" दत्तानं विचारलं.

"सांगितलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं. तेवढ्यात फोनमध्ये पुन्हा माणसांचे आवाज यायला लागले, एकाचा नव्हे, बऱ्याच जणांचे. सांबय्या म्हणाला, बावगारू, फोन ठेवू नका. गावातली माणसं आलीत माझ्यामागं, हातात पानं घेऊन उभी आहेत. त्यांचीही शेतं शोधायचीत. दत्ताबाबूला वेळ आहे का?

मी दत्ताला सांगितलं. दारात सूनबाई येऊन उभी होती, तिच्यामागं जुई, हातात गणिताची वही. दत्तानं खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला, कागदाची गुंडाळी आणखी उलगडली आणि तिच्या कोपऱ्यावर माझं पाण्याचं भांडं वजन म्हणून ठेवलं.

"अण्णा," तो म्हणाला, "पुढचं नाव विचारा."